घोडा घेऊन आलेला पाहुणा

अलिबागेहून दक्षिणेस निघालेला रस्ता नागाव व चौल ही गावे मागे टाकून रेवदंड्यास येतो, तेव्हा प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतो तो पोर्तुगीजांचा कोट. तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. ज्या बुरुजास लोक सातखणी म्हणतात, त्याचे सात मजले आज उरलेले नाहीत; परंतु जे थोडे उभे आहेत, तेवढ्यावरूनही बांधणारांच्या मनात काय होते हे कळते. समुद्रावरून येणाऱ्यास दुरून धाक वाटावा, हा त्या उंचीचा हेतू होता. खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर त्याच हेतूने तटबंद केलेला आहे.

ह्याच रेवदंड्यात दुसरे एक युरोपीय स्मारक आहे, आणि ते पाहावयास मात्र चौकशी करीत जावे लागते. ते एका माध्यमिक शाळेच्या आवारात आहे. काळ्या दगडाचा एक निमुळता स्तंभ; त्यावर मराठीसह अनेक भाषांत कोरलेला मजकूर; एवढेच त्याचे स्वरूप. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो उभारला गेला. अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी पंधराव्या शतकात ह्या किनाऱ्यावर उतरला, त्याची ती आठवण आहे. कोट पाहावयास येणारांची वर्दळ असते. स्तंभापर्यंत फार थोडे जातात. तथापि ह्या दोहोंपैकी अधिक विचार करावयास लावणारे स्मारक कोणते असे कोणी विचारल्यास, त्या शाळेकडे बोट दाखवावे लागेल.

युरोपीय प्रवाशांची स्मारके जगाच्या पाठीवर पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांचा इतिहास रक्ताने लिहिला गेलेला आहे. फिलिपाइन द्वीपसमूहातील माक्तान बेटावर मॅगेलनचे स्मारक आहे. १५२१ च्या एप्रिल महिन्याच्या २७ तारखेस तेथील एका लहानशा लढाईत तो पडला. स्पॅनिश अमलात, १८६६ साली, त्याचे स्मारक उभे राहिले. पुढे त्याच परिसरात, ज्याच्या लोकांनी मॅगेलनास मारले त्या लापुलापु सरदाराचाही पुतळा उभारण्यात आला. हवाई बेटांतील केअलाकेकुआच्या उपसागरापाशी कॅप्टन कुकचा पांढरा स्तंभ आहे. चोरीस गेलेल्या एका होडीच्या पायी कुकने तेथील राजास ओलीस धरण्याचा घाट घातला, आणि १४ फेब्रुवारी १७७९ रोजी त्या झटापटीत तो प्राणास मुकला. त्याचा स्तंभ १८७४ साली उभारला गेला. दोन्ही ठिकाणी पाहुण्याच्या हाती शस्त्र होते, यजमानांनी शस्त्रानेच उत्तर दिले, आणि पुढे दगड उभा राहिला.

रेवदंड्याच्या स्तंभामागे अशी एकही लढाई नाही. ज्याच्या नावाने तो उभा आहे, त्याजपाशी तोफ नव्हती, जहाज नव्हते, राजाचे आज्ञापत्रही नव्हते. त्याच्यापाशी विकावयास आणलेला एक घोडा होता.

ह्या प्रवाशाविषयी बोलताना 'शोध' हा शब्द प्रथम बाजूस ठेविला पाहिजे. चौल हे काही कोणी शोधून काढावे असे बंदर नव्हते. ग्रीक लेखकांच्या ग्रंथांत ते सिमुल्ला, सेमुल्ला अशा नावांनी येते. अरब त्यास सैमूर म्हणत. अल् मसूदी हा बगदादचा विद्वान इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आला, तेव्हा परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्यास येथे आढळली. निकितिन हा भारतात आलेला पहिला युरोपीय, असे पुष्कळदा सांगण्यात येते. तेही खरे नाही. मार्को पोलो त्याच्या पूर्वी येऊन गेला होता, आणि त्याच पंधराव्या शतकात निकोलो दे कोंती हा व्हेनिसचा व्यापारी विजयनगर पाहून गेला होता. निकितिन हा वास्को द गामाच्या आधी पाव शतक आला, एवढे खरे. परंतु त्याचे महत्त्व क्रमांकात नाही. त्याने महाराष्ट्राच्या भूमीवरून पायी वाट तुडविली आणि जे पाहिले ते लिहून ठेविले, ह्यात ते आहे.

निकितिन हा व्होल्गा नदीकाठच्या त्वेर शहरचा राहणारा. मॉस्कोचा राजा तिसरा इव्हान ह्याच्या दरबारी शिरवानच्या शहाचा हसनबेग नावाचा वकील आला होता. तो इव्हानने दिलेले नव्वद ससाणे बरोबर घेऊन परत चालला असता, त्याच्या सोबतीने हा व्यापारी आपला माल नौकेत भरून व्होल्गेतून खाली निघाला. अस्त्राखानापाशी तार्तारांनी त्यांस गाठले आणि लुटले. माल गेला, आणि मालाबरोबर निकितिनची पुस्तकेही गेली. ह्या पुस्तकांच्या जाण्याने त्याचे पुढे काय झाले, ते यथाक्रम येईलच. कॅस्पियन समुद्रात वादळाने एक नौका किनाऱ्यावर फेकली आणि तीवरील माणसे डोंगरी लोकांच्या हाती सापडली. शिरवानशहाकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा ती मंडळी पांगली. ज्यांचे मायदेशी काही शिल्लक होते, ते परतले. ज्यांच्या शिरावर देणे होते, त्यांनी वाट फुटेल तिकडचा रस्ता धरला. निकितिन परतला नाही, ह्याचा अर्थ उघड आहे. धाडसाची हौस म्हणून नव्हे, कर्जाच्या भीतीने हा मनुष्य पूर्वेकडे वळला.

बाकूची जमिनीतून उठणारी अग्निज्वाला पाहून तो इराणात उतरला, आणि गावोगाव मुक्काम करीत होर्मुझच्या बंदरास पोहोचला. तेथे त्यास एक गोष्ट कळली. दक्षिण हिंदुस्थानात घोड्यांची पैदास चांगली होत नाही. सुलतानांना फौजेसाठी घोडे हवे असतात, आणि समुद्रापलीकडून आलेल्या जनावरास तेथे भारी किंमत येते. त्याने एक घोडा विकत घेतला. मस्कत, गुजरात, खंबायत ही स्थळे करीत, सहा आठवड्यांचा जलप्रवास करून, तो चौलास उतरला. जुन्या गणनेप्रमाणे ते वर्ष १४६९ होते. पुढील संशोधक १४७१ धरितात.

चौलास उतरताच त्याने जे टिपले, त्यात बंदर, किल्ला, राजा ह्यांपैकी काहीच प्रथम येत नाही. त्यास प्रथम दिसली ती माणसे. त्यांच्या अंगावर वस्त्र थोडे, मस्तक उघडे, केसांची एक वेणी. आणि त्यास विशेष वाटले ते हे की, आपण कोठेही गेलो तरी मागून लोकांची गर्दी येते, कारण गोरा मनुष्य त्यांनी पाहिलेला नाही. पाहणारा आणि पाहिला जाणारा ह्यांच्या जागा येथे उलटल्या आहेत. नवीन देश पाहावयास आलेला प्रवासी स्वतःच एक प्रेक्षणीय वस्तू झाला आहे, आणि हे सांगण्यात त्यास कमीपणा वाटत नाही.

चौलहून तो घाटावर चढला. वाटेतील ज्या गावास तो पाली म्हणतो तेथवर आठ दिवस, तेथून उमरीस दहा, आणि उमरीहून जुन्नरास सहा दिवस लागले. जुन्नरास पोहोचेपर्यंत पाऊस सुरू झाला होता, आणि दोन महिने त्यास तेथेच काढावे लागले. चार महिने रात्रंदिवस जिकडे तिकडे पाणी व चिखल, आणि अशाच दिवसांत हे लोक नांगरतात व पेरतात, ह्याचे त्या हिमप्रदेशातील मनुष्यास मोठे नवल वाटले. घोड्यास येथे हरभरा घालतात, साखर व तूप घालून खिचडी शिजवितात आणि तीही घोड्यास चारतात, हेही त्याने नोंदले. खिचडीचे नाव एका रशियन वहीत पंधराव्या शतकात नोंदले गेले, ते असे एका घोड्याच्या निमित्ताने.

आणि ह्याच घोड्यावरून जुन्नरास त्याच्या आयुष्यातील कसोटीची वेळ आली. तेथील अधिकारी असदखान ह्यास कळले की, हा घोडेवाला मुसलमान नसून ख्रिस्ती आहे. त्याने घोडा काढून घेतला आणि दोन वाटा पुढे ठेविल्या. धर्म बदलल्यास घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी. न बदलल्यास घोडाही जप्त आणि हजार नाण्यांचा दंडही. मुदत चार दिवसांची. ज्याची सारी मालमत्ता त्या चार पायांवर उभी होती, ज्याच्यामागे कोणी राजा नव्हता आणि ज्याच्या भाषेत बोलणारा मनुष्य हजारो कोसांत नव्हता, त्याने त्या चार दिवसांत काय केले असेल? त्याने देवाचा धावा केला, एवढेच तो सांगतो. मुदतीच्या दिवसांत महंमद नावाचा एक खुरासानी खोजा तेथे आला. निकितिनने त्याचे पाय धरले. तो खानाकडे गेला, आणि घोडा सुटला. ज्या धर्माची सक्ती त्याजवर होत होती, त्याच धर्माच्या एका परक्या मनुष्याने त्यास सोडविले. निकितिनने दोघांचीही नोंद केली आहे. एकाच्या जुलमासाठी दुसऱ्याचा उपकार त्याने पुसून टाकला नाही.

जुन्नरहून बीदरची वाट एक महिन्याची होती. तो सांगतो की, ह्या वाटेवर दिवसाला तीन-तीन, कधी चार-चार गावे लागत. परंतु त्यांची नावे तो देत नाही. आज नकाशा उघडून जुन्नर व बीदर ह्यांस जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती आजच्या अहिल्यानगरच्या दक्षिणेकडून जाते. ते शहर तेव्हा वसलेच नव्हते. अहमद निजामशहाने त्याचा पाया पुढे १४९४ साली घातला. तेथून ती रेषा बालाघाटाच्या माथ्यावर चढते आणि धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात ईट गावाच्या आसपासहून पुढे बीदरकडे जाते. वाट रेषेसारखी सरळ जात नाही, हे खरेच; ओढे, घाट व पाणवठे पाहूनच ती वळणे घेते. परंतु ईट आणि त्याच्या शेजारची गावे ज्या मुलखात आहेत, तो मुलूख ओलांडल्यावाचून जुन्नरचा मनुष्य बीदरास जाणे कठीण. भूमच्या शेजारीच परंड्याचा प्रसिद्ध किल्ला आहे, आणि तो बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान ह्याने बांधविला असे परंपरा सांगते. म्हणजे तो मुलूख त्या काळी आडरान नव्हता. राजधानीच्या वाटेवरचा, राखलेला प्रदेश होता.

महमूद गवान हाही परदेशी मनुष्य. इराणातील गीलान प्रांतातून व्यापाराच्या निमित्ताने तो दाभोळच्या बंदरात उतरला आणि बुद्धीच्या बळावर वजिरीस पोहोचला. निकितिन बीदरास आला त्या वेळी तिसरा महंमदशहा गादीवर होता, आणि खरा कारभार ह्या वजिराच्या हाती होता. बीदरच्या वाड्याची सात द्वारे, द्वारांवर बसलेले शेकडो पहारेकरी व येणाऱ्याजाणाऱ्याचे नाव टिपून घेणारे लेखक, भिंतींवरील नक्षी व सोने, सुलतानाच्या स्वारीतले हत्ती व रुपेरी पालख्या, ह्यांचे वर्णन निकितिनने भरपूर केले आहे. दरबारी बखरकारही असे वर्णन करितात. परंतु त्या वर्णनाला लागूनच निकितिन दुसरी एक गोष्ट सांगतो, आणि ती दरबारी बखरीत सहसा आढळत नाही. देशात वस्ती दाट आहे, सरदार अतिशय श्रीमंत व विलासी आहेत, आणि खेड्यांतील लोक अतिशय दरिद्री आहेत, असे तो लिहितो. हे त्यास बीदरच्या चौकात बसून कळले नसते. कोकणापासून बीदरपर्यंत दिवसाला तीन-चार गावे पाहत जो आला, त्यासच ते लिहिता आले.

आळंदच्या उरुसाचे वर्णनही त्याने केले आहे. आळंद हे आज कर्नाटकात, धाराशिव जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. शेख अलाउद्दीनच्या दर्ग्यापाशी वर्षातून एकदा तेथे जत्रा भरे, आणि तीत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत असे तो म्हणतो. रात्री उडणाऱ्या एका पक्ष्याची हकीकतही त्याने तेथेच ऐकली. तो ज्या घरावर बसून ओरडतो त्या घरात मृत्यू घडतो, आणि त्यास मारू गेल्यास त्याच्या चोचीतून आग निघते! घुबडाचे ओरडणे अशुभ मानणाऱ्या आपल्या घरांत ही समजूत नवी वाटणार नाही. ऐकीव गोष्टी निकितिनने पुष्कळ लिहिल्या आहेत, आणि त्या खऱ्या मानण्याचे कारण नाही. मात्र लोक काय बोलत होते, ह्याची ती खरी साक्ष आहे.

प्रथम प्रथम तो खोजा युसुफ खुरासानी ह्या नावाने वावरे. बीदरास काही काळ राहिल्यावर हिंदू लोकांशी त्याची ओळख वाढली, तेव्हा आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, आपले नाव अफनासी, असे त्याने त्यांस सांगितले. त्या दिवसापासून त्यांचे वागणे पालटले. खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा ह्यांपैकी काही ते त्याजपासून लपवीनात. आपल्या स्त्रियांनाही आड ठेवीनात. जुन्नरास ज्या सत्याने त्याचा घोडा जाण्याची वेळ आली होती, त्याच सत्याने बीदरास घरांची दारे उघडली. त्याने विचारपूस केली, आणि येथे चौऱ्यायशी धर्म आहेत व एका धर्माचे लोक दुसऱ्याबरोबर जेवीत नाहीत की लग्नसंबंध करीत नाहीत, असे लिहून ठेविले. जातींस तो धर्म समजला, ही त्याची चूक. परंतु चुकीतही जे त्याच्या दृष्टीस पडले, ते खोटे नव्हते.

पुढे ह्याच मंडळींबरोबर तो श्रीशैलाच्या यात्रेस गेला. महाशिवरात्रीस तेथे जमलेला अफाट समुदाय, काळ्या पाषाणाचा प्रचंड नंदी, त्याच्या खुरांस होणारा स्पर्श व अंगावर पडणारी फुले, हे त्याने डोळे भरून पाहिले. मुसलमानांस जशी मक्का, ख्रिस्ती लोकांस जसे जेरुसलेम, तसे हिंदूंस हे पर्वतक्षेत्र, अशी तुलना त्याने केली. मूर्तिपूजेविषयी त्याचे स्वतःचे मत अनुकूल नव्हते. तरीही दुसऱ्याच्या श्रद्धास्थानास आपल्या श्रद्धास्थानाचे माप लावून पाहण्याइतके औदार्य त्याजपाशी होते. सुमारे पाव शतकाने ह्याच देशाच्या किनाऱ्यावर जी युरोपीय गलबते आली, त्यांत हे औदार्य क्वचितच आले.

आता त्या हरवलेल्या पुस्तकांकडे वळावयाचे. अस्त्राखानापाशी जी लुटली गेली, त्यांतच सणावारांचे कोष्टक होते. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर दर वर्षी बदलतो. गणित अगर पंचांग जवळ नसेल तर तो कळत नाही. निकितिनला बुधवार-शुक्रवारही कळेनासे झाले. तो आकाशातील कृत्तिकांकडे पाही, मुसलमानांच्या रोजांबरोबर आपलाही उपास धरी, आणि अदमासाने एखादा दिवस ईस्टर मानून प्रार्थना करी. ज्या धर्मासाठी त्याने जुन्नरास सर्वस्व पणास लाविले होते, त्याचा सण कोणत्या दिवशी करावा हेच त्यास ठाऊक नव्हते! वहीतही तो मधूनमधून रशियन सोडून तुर्की, फारसी व अरबी शब्दांच्या मिश्र भाषेत शिरतो. आपल्या देशासारखा देश नाही, परमेश्वर त्याचे रक्षण करो, मात्र तेथील सरदार न्यायी नाहीत, हे त्याने ह्याच परक्या भाषेत लिहिले आहे. मायदेशाविषयीचे प्रेम आणि मायदेशाविषयीची तक्रार, दोन्ही त्यास परक्या बोलीच्या आड ठेवाविशी वाटली.

आणि व्यापाराचे काय झाले? घोडा बीदरास विकला गेला, पण वर्षभर त्यास खाऊ घालण्यात बराच पैसा गेला होता. येथे मिरी व रंग स्वस्त आहेत, परंतु आमच्या देशास उपयोगी असा माल नाही, जकात भारी आहे आणि समुद्रावर चाचे फार आहेत, असा हिशेब त्याने मांडला. हिंदुस्थानात पुष्कळ माल मिळतो असे ज्यांनी सांगितले, त्यांनी मला फसविले, अशी त्याची कुरकुर आहे. पदरचे नुकसान झाले असताही जो खरा हिशेब लिहून ठेवितो, त्याच्या इतर साक्षीवर विश्वास ठेवावयास हरकत नाही.

शेवटी घराची ओढ अनावर झाली. गुलबर्ग्यावरून दाभोळास येऊन तो गलबतात बसला. गलबत भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागले. तेथील लोकांस तांदूळ व मिरी देऊन सुटका करून घ्यावी लागली. पुढे मस्कत, होर्मुझ, शिराझ, तब्रिझ, त्रेबिझोंद असा प्रवास करीत तो काळ्या समुद्रापलीकडे काफा बंदरास पोहोचला. कॅस्पियन, हिंदी महासागर आणि काळा समुद्र असे तीन समुद्र ओलांडून तो आला होता, आणि त्याच्या लेखास नावही त्यावरूनच पडले. परंतु त्वेर त्याच्या नशिबी नव्हते. स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच वाटेत तो मरण पावला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोस नेल्या, १४७५ साली त्या राजाच्या एका कारभाऱ्याकडे आल्या, आणि तेथून इतिहासग्रंथांत त्यांची नक्कल उतरली. सुमारे साडेतीनशे वर्षे त्यांजकडे कोणाचे लक्ष गेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करामझिन ह्यास एका मठाच्या संग्रहात ती नक्कल मिळाली, आणि १८५७ साली लंडनच्या हॅक्लुइट सोसायटीने तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

नंतरच्या काळात दोन राष्ट्रांच्या मैत्रीस त्याचे नाव उपयोगी पडले. त्वेरमध्ये व्होल्गेच्या काठी १९५५ साली त्याचा पुतळा बसला. १९५७ साली भारत व सोव्हिएत रशिया ह्यांनी मिळून त्याच्या प्रवासावर चित्रपट काढला. रेवदंड्याचा स्तंभही त्याच मैत्रीची निशाणी आहे. राष्ट्रांना स्मारके लागतात, आणि मुत्सद्द्यांस अशा निरुपद्रवी पूर्वजाचा उपयोग होतो, ह्यात गैर काही नाही. परंतु स्तंभ उतरण्याची जागा दाखवितो, आणि निकितिनच्या प्रवासात उतरणे ही सर्वांत क्षुल्लक घटना होती. गलबतातून उतरणे कोणासही साधते.

त्याच किनाऱ्यावर पोर्तुगीज उतरले. १५०८ साली चौलच्या खाडीत त्यांची व इजिप्तच्या आरमाराची लढाई होऊन त्यांच्या सुभेदाराचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा पडला. १५२१ पासून त्यांनी येथे किल्ल्याचा पाया घातला. आणि १७४० साली मराठ्यांच्या स्वाधीन करीपर्यंत ते ठाणे त्यांनी राखले. कोर्लई गावात त्यांच्या भाषेपासून निपजलेली एक बोली आजही बोलली जाते. दोनशेहून अधिक वर्षे राहूनही त्यांनी देश पाहिला तो बहुधा तटाच्या फटींतून. निकितिन तीन-चार वर्षेच ह्या देशात राहिला. परंतु त्याजपाशी तट नव्हता. रात्री थांबावयाचे तर कोणाच्या तरी दारी, संकटात पडावयाचे तर कोणाच्या तरी पायांशी. दुर्बळ असल्यामुळेच त्यास माणसे दिसली. ज्याच्या हाती तोफ असते त्यास पुढे लक्ष्य दिसते. ज्यास पाणी मागावयाचे असते, त्यास पाणी देणाऱ्याचे तोंड दिसते.

आणि म्हणूनच रेवदंड्याच्या स्तंभापाशी उभ्या राहिलेल्या मनुष्याने घटकाभर समुद्राकडे पाठ करून पूर्वेकडे पाहावे. जुन्नर ते बीदर महिनाभराची वाट होती. घोड्यास रोज संध्याकाळी वैरण लागते, पाणी लागते आणि रात्री बांधावयास जागा लागते. तीस दिवसांच्या वाटेवर तीस संध्याकाळी कोणी ना कोणी ती दिली, नाहीतर तो घोडा बीदरच्या बाजारात विकला गेला नसता. देणारे कोण होते, ते निकितिनने लिहिले नाही. त्यांची गावे त्याने मोजली, नावे विचारली नाहीत. भूमच्या पठारावर, ईटच्या शिवारात, त्या वाटेचा एकही दगड कोणी पुजीत नाही, आणि तेथे स्तंभ उभारावा असेही कोणी म्हणत नाही. परंतु जे लोक अतिशय दरिद्री आहेत असे त्याने लिहिले, त्यांच्याच आडाचे पाणी पिऊन त्याचा घोडा पुढे गेला, एवढी जाणीव त्या काळ्या दगडापुढे उभे राहणाऱ्यास झाली, तरी त्या पाहुण्याची खरी वाट त्यास सापडली असे म्हणता येईल.